यंत्राला विचारणारा माणूस

मुलांनो, आज मोटार सुरू करणे किती सोपे आहे! किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की इंजिन गुरगुरू लागते. शेजारी बसलेल्या लहान मुलालाही त्यात काही विशेष वाटत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे नव्हते. तेव्हा मोटार सुरू करायला अंगात ताकद लागे आणि मनात थोडे धाडसही लागे.

मोटारीच्या पुढच्या बाजूला एक भोक असे. त्यात लोखंडी हँडल अडकवायचे आणि ते जोर लावून फिरवायचे. इंजिन चालू झाले की हँडल चटकन बाजूला घ्यायचे. पण कधी कधी इंजिनातली ठिणगी वेळेआधी पडत असे. मग इंजिन उलटे फिरे आणि हँडल हाताला जोराचा हिसका देई. कोणाचे मनगट मोडे, कोणाच्या जबड्याला मार बसे. म्हाताऱ्या माणसांना, अशक्त माणसांना आणि पुष्कळशा स्त्रियांना पेट्रोलची मोटार एकट्याने सुरू करणे फार अवघड जाई. रात्री मोटारीचे दिवे लावायचे तेही काडी ओढून. ते दिवे रॉकेलचे किंवा ॲसिटिलीन वायूचे असत.

हे हँडल बाजूला सारून मोटारीच्या पोटात एक लहानसे वीजघर बसवणाऱ्या माणसाचे नाव होते चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. आज मी तुम्हांला त्यांची हकीकत सांगणार आहे. या हकिकतीत शाबासकी द्यावी असे पुष्कळ आहे. पण तिच्यात एक मोठी चूकही आहे. शाबासकीची गोष्ट सांगायची आणि चुकीची झाकून ठेवायची, हे योग्य नाही. म्हणून मी दोन्ही सांगणार आहे.

चार्ल्स यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लाउडनव्हिल या गावाजवळ त्यांच्या वडिलांची शेती होती. पाच भावंडांत चार्ल्स चौथे. शेतावरची कामे करीत आणि गावच्या शाळेत शिकत ते मोठे झाले. मुलगा हुशार होता, पण एक अडचण होती. त्याचे डोळे अधू होते. थोडा वेळ वाचले तरी डोके दुखू लागे. विचार करा, ज्याला शिकायची आवड आहे त्यालाच वाचता येऊ नये, हे केवढे दुःख!

शाळा संपल्यावर चार्ल्स स्वतः शिक्षक झाले. दिवसा ते मुलांना शिकवत आणि संध्याकाळी मुलांसमोर विज्ञानाचे प्रयोग करून दाखवत. वीज, उष्णता, लोहचुंबक असे विषय असत. पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांपुढे घडली की मुलांना ती विसरता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कदाचित स्वतःला वाचणे कठीण जात असल्यामुळेच हाताने करून पाहण्यावर त्यांचा इतका विश्वास बसला असेल.

पुढे ते कॉलेजात गेले. पण तिथेही डोळ्यांनी दगा दिला. ओहायो राज्याच्या विद्यापीठात विजेच्या यंत्रांचे शिक्षण चालू असताना त्यांना अभ्यास सोडून घरी यावे लागले. त्या वेळी ते फार निराश झाले होते. पण रिकामे बसून दिवस जात नाहीत. त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम धरले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा जोडायच्या, असे ते काम. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की, विजेबद्दल जे शिकलो ते इथेही उपयोगी पडते. तार कुठे तुटली आहे, आवाज का येत नाही, हे शोधण्यात त्यांना गोडी वाटू लागली. मोकळ्या हवेत डोळ्यांनाही आराम मिळाला. काही काळाने ते पुन्हा विद्यापीठात गेले. सोबतचे विद्यार्थी धडे मोठ्याने वाचून दाखवत आणि हे ऐकून लक्षात ठेवत. अशा रीतीने १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल की आपण एखाद्या वर्षी मागे पडलो, म्हणजे सगळे संपले. असे वाटेल तेव्हा टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या या तरुणाची आठवण ठेवा.

पदवी मिळताच केटरिंग यांना डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत नोकरी मिळाली. दुकानात पैशांचा हिशेब ठेवणारी यंत्रे ही कंपनी बनवत असे. त्या यंत्राचे हँडल प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी हाताने फिरवावे लागे. तिथे विजेची मोटर बसवायचे काम केटरिंग यांच्याकडे आले. जाणकारांना वाटत होते की, हे काम करणारी मोटर फार मोठी होईल. केटरिंग यांनी मात्र वेगळा विचार केला. त्यांच्या मते ही मोटर दिवसभर सतत चालणार नव्हती. तिला एकेका वेळी क्षणभरच जोर लावायचा होता. क्षणभर जास्त जोर लावला तर लहान मोटरही तापत नाही आणि जळत नाही. त्यांनी लहान मोटर बसवून पाहिली आणि ती चालली. या कंपनीत पाच वर्षांत त्यांच्या नावावर २३ पेटंट झाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. क्षणभराच्या कामाला लहान यंत्रही पुरते, ही कल्पना पुढे मोटारीत कामी येणार आहे.

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे एक वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या घरामागे एक मोठे कोठार होते. १९०८ च्या सुमारास केटरिंग, डीड्स आणि कंपनीतले काही जोडीदार तिथे जमू लागले. नोकरी संपल्यावर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचे काम चाले. पहिल्यांदा त्यांनी मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडण्याची चांगली व्यवस्था तयार केली. कॅडिलॅक मोटारी बनवणारे हेन्री लेलंड यांनी ती हजारोंच्या संख्येने विकत घेतली. तेव्हा १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली. डीड्स आणि त्यांनी मिळून जी कंपनी काढली, तिला पुढे डेल्को हे नाव पडले.

लेलंड यांच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. त्यांच्या ओळखीचा एक माणूस हँडलचा मार लागून दगावला, अशी हकीकत सांगितली जाते. ती कशीही असो, हँडलने माणसे जखमी होतात हे लेलंड यांना चांगले ठाऊक होते. आपल्या मोटारीचे हँडल जावे, असे त्यांना वाटत होते. दाबून भरलेली हवा, घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग असे उपाय इतर लोकांनी करून पाहिले होते, पण ते रोजच्या वापरात टिकले नव्हते. विजेची मोटर वापरावी तर ती आणि तिची बॅटरी इतकी मोठी होईल की माणसांना बसायला जागा उरणार नाही, असे पुष्कळांचे मत होते.

केटरिंग यांना मात्र कॅश रजिस्टर आठवले. इंजिन सुरू करायला तरी किती वेळ लागतो? काही सेकंद. मग इथेही लहान मोटर चालेल! तिने काही सेकंद भरपूर वीज घ्यावी, जोर लावावा आणि थांबावे.

पण आता दुसरा प्रश्न उभा राहिला. दुकानातल्या यंत्राला भिंतीतून वीज मिळते. रस्त्यावरच्या मोटारीला ती कोण देणार? बॅटरी देईल. पण बॅटरी रिकामी झाली की तिला भरणार कोण?

इथे केटरिंग यांनी एक जुनी गोष्ट नव्याने कामाला लावली. तांब्याच्या तारेची गुंडाळी चुंबकांच्या मध्ये फिरवली की तारेत वीज तयार होते. यालाच डायनामो किंवा जनरेटर म्हणतात. सायकलच्या चाकाला लावायचा डायनामो तुम्ही पाहिला असेल. आता हेच उलटे करा. डायनामो हाताने न फिरवता त्याला बॅटरीची वीज द्या. तो आपोआप फिरू लागतो, म्हणजेच तो मोटर होतो. यंत्र एकच, पण त्याची कामे दोन. फिरवाल तर वीज देईल. वीज द्याल तर फिरेल.

केटरिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी एकाच यंत्राला ही दोन्ही कामे दिली. सुरुवातीला बॅटरीची वीज घेऊन हे यंत्र इंजिन फिरवे. इंजिन सुरू झाले की पाळी बदले. आता इंजिन या यंत्राला फिरवे आणि यंत्र वीज तयार करून बॅटरी भरे. बॅटरीच्या भागांची जोडणीही अशी केलेली होती की, सुरू करताना २४ व्होल्टचा जोर मिळे आणि भरताना ६ व्होल्ट पुरत. जसे काही घरातला एक पाहुणा सकाळी उसने घेतो आणि दिवसभर थोडे थोडे फेडत राहतो.

हे सांगायला सोपे आहे, पण करायला अवघड होते. इंजिन जोरात फिरले की डायनामो जास्त वीज देतो आणि दिवे जळून जातात. म्हणून विजेला लगाम घालणारी व्यवस्था हवी. इंजिन थांबले की बॅटरीतली वीज उलट डायनामोत वाहून वाया जाते. म्हणून वाट बंद करणारा स्विच हवा. मोटर, डायनामो, बॅटरी, दिवे आणि ठिणगी या सगळ्यांचा मेळ बसायला हवा. कोठारात रात्री-रात्री काम चालले. जोडायचे, चालवून पाहायचे, बिघडले तर उघडायचे आणि पुन्हा जोडायचे.

फेब्रुवारी १९११ मध्ये या व्यवस्थेने कॅडिलॅक मोटार सुरू झाली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती बसवून विक्रीला आली. या मोटारीला इंग्लंडमधला मानाचा ड्युअर करंडक मिळाला. थोड्याच वर्षांत इतर कारखान्यांनीही ही कल्पना उचलली. पुढे बहुतेक मोटारींत सुरू करणारी मोटर वेगळी आणि वीज तयार करणारा डायनामो वेगळा, अशी पद्धत आली. पण मूळ विचार तोच राहिला. आता दुर्बळ हातांचा माणूसही मोटार सुरू करू शकत होता.

मुलांनो, १९६० नंतर मोटारींत डायनामोच्या जागी हळूहळू अल्टरनेटर आला. पण जुन्या मोटारी हौसेने जपणारे लोक आजही आहेत. अशा मोटारीचा डायनामो बिघडला की ते जाणत्या कारागिराकडे जातात. तुमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, तशा माणसाकडे. तो काय करतो ते पाहू या. कारण केटरिंग यांची सारी रीत त्यात दिसेल.

समजा, जुनी बारा व्होल्टची मोटार आहे. बॅटरी रोज उतरते आणि इंजिन जोरात चालवले तरी काटा भरण्याच्या बाजूला जात नाही. अडाणी माणूस लगेच नवा डायनामो शोधायला निघेल. खरा उस्ताद तसे करत नाही. तो एकेक प्रश्न यंत्रालाच विचारतो.

पहिला प्रश्न पट्ट्याला. पट्टा सैल असेल तर डायनामो नीट फिरणारच नाही. दुसरा प्रश्न तारांना. तार सुटली आहे का? टोकाला गंज चढला आहे का? पट्टा आणि तारा ठीक निघाल्या, तर दोष डायनामोत आहे की विजेला लगाम घालणाऱ्या रेग्युलेटरमध्ये, हे ठरवायचे. इंग्लंडमध्ये बनलेल्या बहुतेक जुन्या मोटारींच्या डायनामोवर दोन तारांची टोके असतात. एक मोठे आणि एक लहान. उस्ताद दोन्ही तारा काढतो, ती दोन टोके आपसात जोडतो आणि त्यांच्यात व मोटारीच्या लोखंडी अंगात मीटर लावतो. मग इंजिन हळू चालवून वेग थोडाच वाढवतो. काटा न अडखळता भराभर वर चढला, तर डायनामो निर्दोष आहे आणि दोष पुढे रेग्युलेटरकडे आहे. इथे इंजिन जोरात पळवायचे नसते. लगाम काढलेला असल्यामुळे वीज भलतीच वाढते आणि गुंडाळ्या जळू शकतात.

काटा मुळीच हलला नाही, तर कार्बन पाहायचे. कार्बन म्हणजे फिरत्या तांब्याच्या कड्यावर टेकून वीज बाहेर आणणारे छोटे ठोकळे. ते झिजून आखूड झालेले असतात किंवा आपल्या घरात अडकून बसलेले असतात. काटा एखाद्या व्होल्टवरच थांबला, तर बाजूच्या स्थिर गुंडाळीत, म्हणजे फील्डमध्ये, दोष असण्याची शक्यता. चार-पाच व्होल्टवर थांबला, तर फिरणाऱ्या गुंडाळीवर, म्हणजे आर्मेचरवर, संशय घ्यायचा. पाहा, एकाच काट्याने किती गोष्टी सांगितल्या!

मग डायनामो उघडायचा. तांब्याचे कडे काळे पडले असेल तर ते पेट्रोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचे आणि गरज असेल तर बारीक काचकागदाने घासायचे. झिजलेले कार्बन बदलायचे. सगळे जोडले की शेवटची परीक्षा. पट्टा न चढवता डायनामोला थोडा वेळ बॅटरीची वीज द्यायची. तो मोटरसारखा एकसारखा फिरू लागला, तर काम चांगले झाले. ओळखलेत ना? डेल्कोच्या कोठारात जे दुहेरी काम केटरिंग यांनी यंत्राला दिले होते, तेच इथे परीक्षेच्या उपयोगी पडते. या परीक्षेचा आणखी एक फायदा आहे. डायनामोच्या लोखंडात थोडेसे चुंबकत्व शिल्लक असावे लागते. त्याच्या आधारानेच वीज तयार व्हायला सुरुवात होते. फार दिवस पडून राहिल्यामुळे लोखंड ते विसरले असेल, तर बॅटरीची वीज योग्य दिशेने क्षणभर दिल्यावर त्याला ते पुन्हा आठवते.

या सगळ्यात उस्तादाने अंदाजाने काहीही केले नाही. जे आवडते ते उत्तर त्याने धरले नाही. यंत्राने जे उत्तर दिले तेच मानले. केटरिंग यांचे मोठेपण हेच होते.

आता हकिकतीचा दुसरा भाग ऐका.

१९२० पासून केटरिंग जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्या काळी मोटारींच्या इंजिनात खटखट असा आवाज येई आणि जोर कमी पडे. काही लोक त्याचा दोष केटरिंग यांच्या ठिणगीच्या व्यवस्थेला देत. केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कारण शोधायला सांगितले. प्रयोगांतून दिसले की, दोष ठिणगीचा नसून पेट्रोलच्या जळण्याचा आहे. मग पेट्रोलमध्ये मिसळायला योग्य पदार्थ शोधणे सुरू झाले. अनेक पदार्थ तपासले गेले. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशापासून केलेले एक द्रव्य सापडले. ते अगदी थोडे घातले तरी खटखट थांबे. १९२३ साली असे पेट्रोल विकायला आले. त्याचे नाव ठेवले एथिल. त्या नावात शिसे हा शब्द नव्हता.

मुलांनो, शिसे हे विष आहे, ही गोष्ट तेव्हाही माहीत होती. रंगाच्या आणि शिशाच्या कारखान्यांतले कामगार त्याने आजारी पडत, हे डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलनेही खटखट कमी होते, हे केटरिंग आणि मिजली यांना प्रयोगांतून कळले होते. तरीही शिशाचा मार्ग निवडला गेला, कारण तो स्वस्त होता आणि त्याच्या पेटंटमधून कंपनीला मोठा नफा मिळणार होता.

१९२४ साली एथिल पेट्रोलसाठी वेगळी कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार विषाने मेले. आणखी कितीतरी कामगार भ्रमिष्टासारखे झाले. देशभर गवगवा झाला. १९२५ साली विक्री थांबवून सरकारी आरोग्य खात्याने परिषद बोलावली. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट इशारा दिला की, हे विष रस्त्यारस्त्यांवर पसरेल. केटरिंग त्या परिषदेत आपल्या पेट्रोलची बाजू मांडायला उभे राहिले. थोड्या महिन्यांची तपासणी झाली आणि १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची कित्येक वर्षे जगभरच्या मोटारींच्या धुरातून शिसे बाहेर पडत राहिले. ते हवेत, धुळीत आणि मुलांच्या रक्तात गेले. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते आणि शिकण्याची ताकद कमी होते. १९६५ साली क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने माणसाने आपल्या भोवती केवढे शिसे पसरवले आहे ते मोजून दाखवले. त्यानंतर हळूहळू देश जागे झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जिरियात, मोटारींसाठी ते विकणे २०२१ साली थांबले. म्हणजे एका प्रयोगशाळेतल्या निर्णयाची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षे मोजली.

तुम्ही विचाराल, इतका हुशार माणूस असा कसा चुकला? शाळेत संध्याकाळी मुलांना प्रयोग दाखवणारा शिक्षक मुलांनाच कसा विसरला?

मला वाटते, याचे उत्तर डायनामोच्या त्या मीटरमध्ये आहे. केटरिंग यांनी इंजिनाला पुष्कळ प्रश्न विचारले. खटखट थांबली का? जोर वाढला का? इंजिनाने होय म्हटले आणि ते थांबले. हा धूर श्वासात घेणाऱ्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्यांनी तितक्याच चिकाटीने विचारला नाही. दुसऱ्यांनी विचारला, तेव्हा ते उत्तर ऐकायला तयार नव्हते. मीटर त्यांच्याजवळ होते. त्यांनी ते पूर्ण यंत्राला लावले नाही. कारण मोटार हे यंत्र बंपरपाशी संपत नाही. रस्ता, हवा आणि रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारे मूल, हे सगळे त्या यंत्राचे भाग आहेत.

केटरिंग यांनी पुढेही खूप कामे केली. आगगाड्यांच्या डिझेल इंजिनांत त्यांनी मोठी सुधारणा घडवून आणली. १९४५ साली आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावर संशोधन करणारी संस्था उभी करायला मदत केली. आजही त्या संस्थेत रोग्यांसाठी काम चालते. डेटनशेजारच्या एका गावाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. १९४७ साली ते जनरल मोटर्समधून निवृत्त झाले आणि २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे त्यांचे निधन झाले.

अशा माणसाला आपण काय म्हणावे? चांगला की वाईट? मुलांनो, माणसांचा हिशेब इतका सोपा नसतो. त्यांनी हँडलच्या माराने मोडणारे असंख्य हात वाचवले, हे खरे आहे. त्यांच्या निवडलेल्या विषाने असंख्य मुलांचे नुकसान केले, हेही खरे आहे. एका खऱ्याने दुसरे खरे पुसले जात नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या गॅरेजमध्ये काम शिकेल, कोणी डॉक्टर होईल, कोणी इंजिनिअर होईल, कोणी घर चालवेल. तुम्ही केलेले काम चालले की आनंद जरूर माना. पण लगेच हत्यारे आवरून ठेवू नका. आणखी एक प्रश्न विचारा. या कामाचा त्रास कोणाला तर होत नाही ना? आणि उत्तर आपल्याला नको असलेले आले, तरी ते ऐका. डायनामो तपासणारा साधा उस्ताद मीटरचा काटा आपल्या मर्जीने हलवत नाही. तेवढा प्रामाणिकपणा ज्याच्याजवळ शेवटपर्यंत राहील, तोच खरा कारागीर.